घरची जिम, हाताला कळेल अशी: पावसाळ्यातलं अपडेट

मंडळी, पावसाळ्यात आमच्या बेळगावात बाहेर चालायला जायचं म्हणजे काठीला खड्डा कुठला आणि नुसतं साचलेलं पाणी कुठलं तेच कळत नाही, म्हणून यंदा घराची मागची खोली पूर्ण व्यायामाला घेतली आणि सामान बरंच जमलंय. नवीन लोकांसाठी सांगतो, मला उजेड-अंधार एवढंच कळतं, बाकी काही दिसत नाही. त्यामुळे कुठलंही मशीन घेताना माझा पहिला प्रश्न एकच, की हे आत्ता कुठल्या सेटिंगवर आहे ते हाताला नाहीतर कानाला कळतंय का? मोटर किती ताकदीची, वॉरंटी किती वगैरे नंतर.

सगळ्यात जास्त डोकं प्लेट्सनी खाल्लं. ऑनलाइन मागवलेला लोखंडी सेट आला, आकडे सगळे स्टिकरवर, बोट फिरवलं तर सपाट. 2.5 ची आणि 10 ची प्लेट हातात घेतली की कळते हो, पण 5 आणि 7.5 मध्ये घाईत गडबड होतेच, आणि बारच्या एका बाजूला 5 दुसऱ्या बाजूला 7.5 म्हणजे बार कलंडलाच समजा. ओतीव प्लेटवर आकडा साच्यातूनच उठावदार येतो, तो सगळ्यात बेस्ट, फक्त दरवर्षी रंगाचे थर चढवत बसलं की तोही बुजतो. फौंड्र्यांना काय आपल्याकडे तोटा नाही, म्हणून इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चौकशी केली, पण मूठभर नगांसाठी वेगळं पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, करायचं म्हणजे पॅटर्नच प्लेटपेक्षा महाग. शेवटी एका मशीन शॉपमधल्या मामांना म्हटलं, आहेत त्याच प्लेट्सच्या कडेला खाचा मारून द्या. तर मामा म्हणाले, "खाच कशाला, पांढऱ्या रंगानं मोठा आकडा लिवून देतो की." म्हटलं मामा, पांढरा काय आणि काळा काय, मला कुठं दिसतंय. मग हसले आणि ग्राइंडर लावला.

आता 2.5 ला एक खाच, 5 ला दोन, 7.5 ला तीन, 10 ला चार. म्हणजे एक खाच अडीच किलोची, बारवर चढवलेल्या प्लेट्सच्या कडेवरून अंगठा फिरवला की बेरीज आपोआप होते, दोन्ही बाजूंना सारखी आली की क्लिप लावायची. खाच मारल्यावर कानस फिरवून घ्या बरं का, धार राहिली तर बोट कापतं, आणि कापलेल्या जागी लगेच तेलाचा हात द्या, आपल्याकडच्या ओलीत गंज धरायला दोन दिवस पुरतात.

रॅकला सेफ्टी आर्म, म्हणजे हातातून सुटलेला बार झेलणारे आडवे दांडे, आहेत, त्याशिवाय एकट्यानं बेंच प्रेस करूच नये, दिसत असलं तरी. माझ्या छातीच्या उंचीचं जे भोक आहे त्याच्या खाली दोन्ही खांबांना केबल टाय आवळून ठेवलाय, हात खालून वर नेला की टाय लागतो, मोजत बसायला नको. डंबेल षटकोनीच घ्या, गोल डंबेल घरंगळून कुठं जातात आणि मग आपण गुडघ्यावर बसून फरशी चाचपत फिरायचं. डायल फिरवून वजन बदलणारे डंबेल मला पटले नाहीत, टकटक आवाज येतो खरा पण सुरुवात कुठून झाली ते कळल्याशिवाय टकटक मोजून काय उपयोग. खिटी घालायचे असतील तर चालतील, भोकं मोजता येतात. रबरी बँडचं तर विचारूच नका, ताण किती ते रंगावरून आणि रंगही प्रत्येक कंपनीचा वेगळा! मी टोकाला जाड दोऱ्याच्या गाठी बांधल्यात.

सायकल मॅग्नेटिक घेतली, आवाज कमी. नॉबला टप्पे आहेत, 1 ते 8, प्रत्येक टप्प्याला खट्ट होतं, आणि 1 च्या जागी एमसीलचा ठिपका दिलाय. आधी टिकली लावून बघितली, घामानं सुटते. सायकलला स्क्रीन आहे, ती माझ्या दृष्टीनं शोभेची, पण ब्लूटूथवर एफटीएमएस आहे, म्हणजे फिटनेस मशीनसाठीचं सामाईक स्टँडर्ड, त्यामुळे कंपनीचं ॲप टॉकबॅकला (अँड्रॉइड फोनमधलं, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं) बोलत नसेल तर दुसरं ॲप जोडता येतं. घेताना हे विचाराच. आणि ॲपमधलं एखादं बटण नुसतंच "अनलेबल्ड" म्हणत असेल तर टॉकबॅकमधून त्याला आपण स्वतः नाव देऊ शकतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

ट्रेडमिल नाही घेतली. दुकानात सगळ्यांवर टच पॅनेल, चुकून बोट लागलं की वेग वाढतो, आणि वर आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी दाबल्यावर खाली जाणारी बटणं, लांब हँडरेल आणि कपड्याला अडकवायची सेफ्टी की बघूनच घ्या.

तालमीतलं मुद्गल मात्र आपल्याला फिट्ट बसतंय. त्यात सेटिंग नाही, स्क्रीन नाही, घुमवलं की खांद्याला सगळं समजतं. जागा मोजायला मी पांढरी काठी हातात आडवी धरून गोल फिरतो, कुठे लागली नाही तर मोकळं. वर फॅन आहे हे विसरू नका. एक मित्र शीर्षासनाच्या मागे लागलाय, त्याला काचबिंदू आहे, त्याला स्पष्ट सांगितलं की बाबा डोक्यावर उभं राहिलं की डोळ्याचा दाब जवळपास दुप्पट होतो, उरलीसुरली नजर घालवू नकोस, आधी डोळ्याच्या डॉक्टरला विचार. श्वास कोंडून जड वजन उचलतानाही दाब वाढतो, तेव्हा उचलताना श्वास सोडत जा.

आता डोक्यात रोइंग मशीन आहे, कॉन्सेप्ट टू चं. हवेवर चालतं, प्लगची गरज नाही, ओढ जोरात बसली की पंख्याचा आवाज चढतो म्हणजे वेग कानाला कळतो, पंख्याला हवा किती जाते ते ठरवणाऱ्या डॅम्परचा लिव्हर 1 ते 10 हातानं सरकवायचा, मॉनिटरलाही खरी बटणं. किंमत ऐकून गप्प बसलोय तो भाग वेगळा. लांबी 8 फूट, आणि खोलीत तेवढी सरळ जागा फक्त खिडकीखाली आहे जिथं आईचं जोंधळ्याचं पिंप आहे. बोलणी चालू आहेत.