लाकडी डोरी जोडताना

किटमधून, म्हणजे तयार कापलेल्या तुकड्यांच्या संचातून, जहाजाची छोटी लाकडी प्रतिकृती बांधायची म्हटलं की नजर आधी जाते ती तीन डोलकाठ्यांच्या, तोफांच्या युद्धनौकांकडे. मीही महिनोन्‌महिने तीच चित्रं बघत होते. शेवटी भाच्याला अमेरिकेहून येताना आणायला सांगितली ती मॉडेल शिपवेज या किट बनवणाऱ्या कंपनीची लॉवेल डोरी. सपाट तळाची, उघडी, दोघांनी वल्हवायची मासेमारीची होडी. प्रमाण १:२४, म्हणजे खरा एक फूट इथे अर्धा इंच. खोकं हातात देताना भाचा म्हणाला, "मावशी, एवढीशीच?"

एवढीशीच, पण लपवायला जागा नसलेली. मोठ्या नौकेत डेकखालचा सांगाडा कुणाला दिसत नाही, बाहेरच्या फटी पुट्टी आणि रंगाने बुजवता येतात. डोरीत आतली बाजूसुद्धा दर्शनी. गोंदाचा एकेक ओघळ दिसतो. शिकायचंच असेल तर इथून सुरुवात करावी, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आता तर जास्तच पक्कं झालंय.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रपट्ट्यात कॉड मासे पकडायला जाणारी शिडाची जहाजं या डोऱ्या डेकवर घेऊन जात. मासेमारीच्या जागी पोचलं की त्या पाण्यात सोडायच्या, दोघादोघांनी लांब दोर टाकायचे, मासे भरून जहाजाकडे परतायचं. डेकवर जागा कमी, म्हणून बाजू वर पसरट ठेवलेल्या. आतली बसायची फळकुटं काढली की पातेल्यांसारख्या एकात एक बसत. हे आधी वाचून ठेवलं ते बरं झालं, कारण किटमधला प्रत्येक तुकडा असा का आहे ते त्यामुळे कळत गेलं. नावातलं लॉवेल म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या एम्सबरीचा होड्यांचा कारखाना. सिमियन लॉवेलने तो १७९३ साली सुरू केला आणि तिथे अजूनही होड्या बांधतात. तिथून डोऱ्या शेकड्यांनी बाहेर पडत. त्यामुळे बांधणी सोपी आणि स्वस्त असणं भागच होतं: बरगड्या मोजक्या, फळ्या रुंद.

किटमधलं लाकूड बासवुड. फिकट, मऊ, रेषा जवळपास नाहीतच. लेझरने कापलेल्या तुकड्यांच्या कडा काळ्या पडलेल्या असतात. जिथे गोंद लागणार तिथली काजळी पॉलिश पेपरने काढायची, पण फक्त काजळी. त्याखालचं लाकूड घासलं तर तुकडा लहान होतो आणि पुढे जोड जुळत नाही. तळ, बरगड्या, नाळ (होडीच्या पुढच्या टोकाचं उभं लाकूड) आणि मागची फळी हा सांगाडा पटकन उभा राहतो. तळ मात्र सपाट असला तरी सरळ नसतो, दोन्ही टोकांना किंचित वर उचललेला असतो. तो बाक गोंद पूर्ण वाळेपर्यंत दाबून धरायला लागतो.

खरं काम बाजूच्या फळ्यांचं. प्रत्येक वरची फळी खालच्या फळीच्या कडेवर चढते. चढणारी पट्टी किती रुंद, ते पेन्सिलीने आधी आखून घ्यायचं आणि खालच्या फळीची कड तेवढ्या भागात तिरकी घासायची, म्हणजे वरची फळी आपल्या कोनात नीट टेकते. नाळेजवळ हीच तिरकी बाजू हळूहळू खोल करत न्यायची. तिथे दोन्ही फळ्या एका पातळीत यायला हव्यात, पायरी राहता कामा नये. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. घासायचं, लावून बघायचं, उजेडासमोर धरायचं, परत घासायचं. चिमटा लावण्याआधी फळी नुसत्या बोटांच्या दाबाने बसली पाहिजे, एवढी एकच कसोटी मी ठेवली होती.

फळ्या वाकवायला पाण्यात भिजवायच्या, हे सगळेच सांगतात. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या सुतारकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, पाण्यानं लाकूड फुगतं. वाकतं ते उबेनं." मग कढत पाण्यात थोडाच वेळ फळी ठेवायची, सांगाड्यावर वळवून चिमटे लावायचे आणि तशीच वाळू द्यायची, गोंद दुसऱ्या दिवशी, असा क्रम ठरला. लाकडी कपड्यांचे चिमटे स्प्रिंग काढून उलटे जोडले की त्यांची टोकं लांब आणि सपाट होतात. बाजारातल्या क्लॅम्पपेक्षा मला तेच सोयीचे वाटले. गोंद साधा पांढरा. झटपट चिकटणारा गोंद फळीत मुरून डाग पाडतो, शिवाय फळी सरकवायला वेळच देत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात पांढरा गोंदही वाळायला रेंगाळतो, म्हणून चिमटे रात्रभर लावूनच ठेवायचे.

बसायची फळकुटं चिकटवायची नाहीत. खऱ्या डोरीतही ती सुटीच असत, कारण एकात एक रचायच्या वेळी काढावी लागत. तळाला एक भोक आणि त्याला बूच असतं, होडी वर ओढली की साचलेलं पाणी काढायला. बुचाला बाहेरून दोरीचा फास. होडी उलटली तर तिच्या पालथ्या तळावर धरायला तेवढाच आधार. माझ्या डोरीत तो फास शिवणाच्या दोऱ्याचा आहे.

वल्ह्यांच्या काड्या आधी चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल करायच्या. ते करताना हॉवर्ड ब्लॅकबर्न आठवत राहिला. जानेवारी १८८३ मध्ये हा मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरचा कोळी आणि त्याचा जोडीदार टॉम वेल्च यांची डोरी बर्फाच्या वादळात जहाजापासून तुटली. हातमोजे गेलेले. बोटं गोठणार हे दिसल्यावर ब्लॅकबर्नने ती वल्ह्यांभोवती वळवून तशीच गोठू दिली, म्हणजे वल्हवता तरी येईल. वेल्च होडीतच वारला. ब्लॅकबर्न पाचव्या दिवशी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला लागला. हाताची सगळी बोटं गमावली, आणि पुढे १८९९ मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून अटलांटिक ओलांडला. हे कळल्यावर वल्ह्याची मूठ घाईत घासवेना.

रंग बाहेरून फिकट पिवळसर, बऱ्याच डोऱ्यांचा असे तसा, आणि वरची कड हिरवी. पातळ करून दोन-तीन हात दिले. जाड हाताने फळ्यांच्या पायऱ्या बुजतात. आतून रंग नाही, नुसतं तेल. तेल लावण्याआधी आतून ओल्या कापसाची बोळी फिरवली. जिथे गोंद राहिला होता तिथे लाकूड ओलं दिसलं नाही, आणि तेवढीच जागा पात्याने खरवडून घेतली.