टॉपसेल ते नंदुरबार : एका चोपडीसोबतचा प्रवास

जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या सकाळच्या पॅसेंजर गाडीत मी बसलो, तेव्हा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत लाल कापडी बांधणीची एक जुनी चोपडी होती. वडील गेले त्याला आता दोन वर्षे होतील. गेल्या दिवाळीत चोपडीपूजनासाठी कपाट आवरताना ती हाती लागली. पुढची साठ-सत्तर पाने मिरचीच्या आणि धण्याच्या आडतीच्या हिशेबांनी भरलेली आहेत. चोपडी उलटी करून मागच्या बाजूने उघडली, की मात्र त्यात निराळेच काही सुरू होते. तिथे पहिल्याच ओळीत वडिलांच्या तिरप्या, दाट अक्षरात लिहिलेले आहे : "टीच थांबला."

हा टीच म्हणजे अठराव्या शतकातला सागरी चाचा एडवर्ड टीच, ज्याला जग ब्लॅकबिअर्ड या नावाने ओळखते. वडिलांना इंग्रजी वाचनाचा नाद होता आणि सागरी चाच्यांच्या हकिकती त्यांनी आम्हा भावंडांना रामायणातल्या कथांसारख्या रात्री अंगणात सांगितल्या होत्या. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिला असेल. तरीही टीच आणि त्याचा मित्र स्टीड बॉनेट यांच्याविषयी ते गावातल्या माणसांविषयी बोलावे तसे बोलत, आणि गोष्ट अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या टॉपसेलच्या खाडीपाशी आली, की त्यांचा आवाज दर वेळी खाली जाई. त्याचे कारण मला फार उशिरा कळले.

बॉनेट हा बार्बाडोस बेटावरचा श्रीमंत जमीनदार. त्याचा जन्म १६८८ चा. चारशे एकरांहून मोठा उसाचा मळा, घरदार, बायकामुले असा सगळा संसार सोडून हा माणूस १७१७ मध्ये चाचा झाला. इतर चाचे जहाज पळवत. याने स्वतःच्या पैशाने बांधून घेतले, त्याला 'रिव्हेंज' नाव दिले आणि खलाशांना लुटीतल्या वाट्याऐवजी चक्क पगार ठरवून दिला. नौकानयनाचे ज्ञान मात्र त्याच्यापाशी काडीचेही नव्हते. एका स्पॅनिश युद्धनौकेशी झालेल्या चकमकीत जखमी होऊन तो बहामा बेटांवरच्या नासाऊ बंदरात आला आणि तिथे त्याची टीचशी गाठ पडली. टीचने जहाजाचा कारभार हाती घेतला. बॉनेट सकाळच्या झग्यातच डेकवर हिंडे आणि मग आपल्या पुस्तकांत रमे, अशी नोंद त्या वर्षीच्या बोस्टनच्या वर्तमानपत्रात आहे. जहाजावर त्याने चांगला ग्रंथसंग्रह ठेवला होता.

वडिलांना बॉनेट का आवडे, हे निराळे सांगायला नको. अर्थात हे दोघे साधुसंत नव्हते. बॉनेटचा मळा गुलामांच्या श्रमांवर उभा होता, आणि टीचने नोव्हेंबर १७१७ मध्ये पकडून 'क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज' असे नाव दिलेले मोठे जहाज मुळात गुलामांची वाहतूक करणारे फ्रेंच जहाज होते. वडील हेही सांगत, आणि सांगताना थांबत.

धरणगाव मागे पडले. रुळांच्या दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. काही शेतांत फरदडीचा पांढरा कापूस अजून लोंबत होता. अमळनेरला बोरी ओलांडली, पुढे बेटावदला पांझरा लागली. या लोहमार्गावरून तापी स्वतः दिसत नाही. तिच्याकडे निघालेल्या नद्या तेवढ्या एकामागून एक भेटत राहतात. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला, तो नवापूर, नंदुरबार, सिंदखेडा, थाळनेर, चोपडा अशा वाटेने. नवापूरच्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. मी त्याच्या उलट दिशेने, त्याच्याच वाटेच्या आसपास चाललो होतो.

समुद्रापासून इतक्या दूर बसून चाच्यांचा विचार करणे वरकरणी विचित्र वाटेल, पण ही वाट त्यांच्यापर्यंत पोचते. बऱ्हाणपूरचे तलम कापड याच वाटेने सुरतेला जाई आणि तिथून इराण, अरबस्तान, तुर्कस्तानला. सप्टेंबर १६९५ मध्ये औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे जहाज मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेला परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते लुटले आणि त्यावरच्या माणसांवर अनन्वित अत्याचार केले. लुटीसह तो नासाऊला पोचला, तेव्हा त्याच्याकडून लाच घेऊन त्याला आसरा देणारा बहामाचा गव्हर्नर होता निकोलस ट्रॉट. पुढे बावीस वर्षांनी दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये बॉनेटला फाशीची शिक्षा ठोठावणारा न्यायाधीशही निकोलस ट्रॉटच, त्या गव्हर्नरचा पुतण्या! सुरतेच्या लुटीतून काकाच्या घरी सोने गेले आणि पुतण्याने त्याच धंद्यातल्या माणसाला फासावर चढवले. वडिलांनी या ओळीखाली शाईने दोन रेघा ओढल्या आहेत.

आता टॉपसेलकडे येतो. मे १७१८ मध्ये टीचने चार्ल्सटनच्या बंदराची नाकेबंदी केली, शहरातल्या प्रतिष्ठितांना ओलीस धरले आणि मोबदल्यात मागितली काय, तर औषधांची एक पेटी. ती मिळाल्यावर हे सगळे जण उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्याला, टॉपसेलच्या खाडीत आले आणि तिथे मोठे जहाज वाळूत रुतले. इंग्लंडच्या राजाने चाच्यांसाठी माफीनामा जाहीर केलेला होता. बॉनेट थोडी माणसे घेऊन बाथ गावी गव्हर्नर ईडन याच्याकडे माफी घ्यायला गेला. परत येऊन पाहतो, तर टीचने सगळी लूट लहान जहाजावर चढवून पोबारा केला होता आणि सुमारे पंचवीस माणसांना एका उजाड वाळूच्या बेटावर सोडून दिले होते. बॉनेटने त्यांना सोडवले, टीचचा पाठलाग केला, पण पुढे त्या दोघांची भेट झालीच नाही.

यातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट वडिलांनी चौकटीत लिहिली आहे : पळून गेल्यावर टीचही बाथलाच गेला आणि त्याच ईडनकडून त्यानेही माफी घेतली. एकाच उन्हाळ्यात, एकाच गावात, एकाच माणसासमोर दोघे उभे राहिले, फक्त वेगवेगळ्या दिवशी. त्यानंतर २७ सप्टेंबरला केप फिअर नदीत चार्ल्सटनहून आलेल्या कर्नल ऱ्हेटने बॉनेटला पकडले. २२ नोव्हेंबरला उत्तर कॅरोलायनातल्याच ओक्राकोक बेटाजवळ ब्रिटिश नौदलाच्या लेफ्टनंट मेनार्डच्या माणसांनी टीचला मारले. १० डिसेंबरला बॉनेट फासावर गेला. दोन मृत्यूंमध्ये अठरा दिवसांचे अंतर आहे.

वडिलांनी मांडलेली पर्यायी कथा साधी आहे आणि मला ती पटते. टीच थांबतो. बॉनेट माफीचा कागद घेऊन परततो, मग दोघे मिळून सेंट थॉमस या डॅनिश बेटाकडे जातात आणि स्पेनविरुद्ध जहाजे चालवण्याचा अधिकृत परवाना मिळवतात. ही वडिलांची निव्वळ कल्पना नव्हे. बॉनेटचा बेत खरोखरच तसा होता, आणि तो फासावर गेल्यावर आठवड्याभरातच ब्रिटनने स्पेनविरुद्ध युद्ध पुकारले. एकाला अर्ज लिहिता येत होते, गव्हर्नरासमोर अदबीने बोलता येत होते. दुसऱ्याला वारा आणि माणसे दोन्ही ओळखता येत होती. एकटा बॉनेट वादळांच्या दिवसांत जहाजाच्या दुरुस्तीसाठी नदीत अडकून पडला आणि सापडला. टीच सोबत असता, तर तो आठवडेच्या आठवडे तिथे थांबला नसता. मेनार्ड ओक्राकोकला पोचतो, तेव्हा खाडी रिकामी असते. इथे वडिलांचे लेखन अर्ध्या वाक्यात तुटते.

नंदुरबारला उतरलो, तेव्हा दुपार झाली होती. गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची नजर पोचेल तिथवर पसरलेली होती. बायका तोंडाला पदर बांधून देठ खुडत होत्या आणि वाऱ्याची झुळूक आली, की घसा खवखवे. मला ज्यांना भेटायचे होते, ते काका त्याच पथारीच्या कडेला खाटेवर बसले होते. माझ्या वडिलांचे ते तरुणपणापासूनचे भागीदार. मी नऊ वर्षांचा असताना वडील उधारी वसूल करायला सुरतेला गेले आणि आठ दिवसांनी परतले, तेव्हा गाळ्याला कुलूप होते, गोदाम रिकामे होते आणि मुनीमसुद्धा निघून गेला होता. त्यानंतर दोघे एकमेकांशी कधीही बोलले नाहीत. काका वडिलांच्या दहाव्यालाही आले नव्हते.

"कवय उना?" केव्हा आलास, असे त्यांनी अहिराणीत विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाले, "बठ."

जेवणात कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा होता. जेवण झाल्यावर मी चोपडी त्यांच्या हाती दिली. त्यांनी आधी हिशेबाची पाने पाहिली. एका पानावर त्यांचे स्वतःचे अक्षर होते. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग मी चोपडी उलटी करून दिली. चष्मा लावून त्यांनी ती सगळी पाने सावकाश वाचली. मध्ये एकदा चहा आला, तो तसाच निवला.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, की चल, प्रकाशाला जाऊ.

प्रकाशाला तापी आणि गोमाई एकत्र येतात. बॅरेजमुळे पाणी तुंबून नदी आता तलावासारखी रुंद दिसते. केदारेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. खालच्या पायरीला एक होडी बांधली होती. तिच्या तळाशी दीड वीत पाणी साचले होते आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या. काका तिच्याकडे पाहत बोलू लागले.

तुझ्या बापाने गोष्ट चुकीच्या ठिकाणी बदलली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. टीचकडे तीनशेच्या वर माणसे होती. जहाज रुतलेले, अन्न संपत आलेले, माफीची मुदत डोक्यावर. लुटीचे तीनशे वाटे केले, तर कोणाच्याच हाती काही लागत नाही, आणि वाटे केले नाहीत, तर हीच माणसे गळा कापतात. थांब म्हणणे सोपे असते, कारण म्हणणारा बाथला गेलेला असतो. देणेकरी दारात बसतात, ते मागे राहिलेल्याच्या.

मी विचारले, "मग काका, तुम्ही कुठे बदलली असती?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. टीचचे ते रुतलेले जहाज १९९६ मध्ये समुद्रतळाशी सापडले. त्यात औषधोपचाराची धातूची पिचकारी मिळाली, आणि एका तोफेतल्या गाळातून सागरी प्रवासाच्या एका छापील पुस्तकाचे कागदाचे बारीक तुकडे निघाले. ते मी त्यांना सांगितले, कारण मला तिथे गप्प बसवत नव्हते. ते पुस्तक बॉनेटचे असावे, असे मला मनापासून वाटते. त्याच्या झग्याच्या खिशातून ते मोठ्या जहाजावर आले असेल आणि तिथेच राहून गेले असेल.

"कागद व्हता ना मग," काका म्हणाले. त्यांच्या मते टीचने थांबू नये, त्याने निघूनच जावे. फक्त वाळूच्या बेटावर ज्या पंचवीस माणसांना तो सोडतो, त्यांतल्या एकाच्या हाती चिठ्ठी द्यावी, की मी बाथला येतोय, तिथून हलू नकोस. बाकी एक अक्षरही बदलू नये. बॉनेट परततो, चिठ्ठी वाचतो, पाठलाग करण्याऐवजी बाथला वळतो, आणि ईडनच्या दारात दोघे भेटतात. भांडतील, एकमेकांची गचांडी धरतील, पण भेटतील.

मी वडिलांची कथा डोळ्यांसमोर पुन्हा मांडून पाहिली. त्यांच्या कथेत टीचला निराळा माणूस व्हावे लागत होते. काकांच्या कथेत तो होता तसाच राहत होता, लोभी, घाईतला, भ्यालेला, आणि तरीही मित्र गमावत नव्हता. बॉनेटलाही पुढे दुसरे नाव घेऊन पुन्हा लुटालूट करावी लागत नव्हती, कारण ज्या रागापोटी तो टीचच्या मागे समुद्रात उतरला, त्या रागाला काही कारणच उरत नव्हते. सेंट थॉमसचा परवाना, स्पेनचे युद्ध, रिकामे ओक्राकोक हे वडिलांनी लिहिलेले सगळे पुढे तसेच घडू शकत होते.

ऊन उतरले. पलीकडच्या काठावर कोणी म्हशी पाण्यातून बाहेर काढत होते. काका उठले, धोतर झटकले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी निरोप ठेयेल नव्हता."

नंदुरबारला परत येईपर्यंत आम्ही काही बोललो नाही. रात्रीच्या गाडीला सोडायला ते स्थानकावर आले. वर्तमानपत्रात बांधलेली दोन किलो सुकी मिरची त्यांनी माझ्या पिशवीत घातली आणि चोपडी स्वतःच्या काखेत ठेवून घेतली. मेनार्ड ओक्राकोकला पोचल्यानंतरचे वाक्य पुरे करायचे आहे, म्हणाले. होळीला ये, तोवर लिहून ठेवतो.