पुण्यात गुलाबी ट्यूलिप लावायचे तर गणपती गेले की तयारीला लागा

मार्चच्या शेवटी श्रीनगरची ट्यूलिप गार्डन उघडली की सगळ्या फॅमिली ग्रुपवर तेच फोटो फिरायला लागतात आणि मग मला हमखास मेसेज येतात की पुण्यात येतात का गं हे. येतात. माझ्या कोथरूडच्या बाल्कनीत येतात आणि गुलाबीच येतात, कारण दुसरा रंग मी लावतच नाही. पण मार्चमध्ये विचारून उपयोग नसतो ना, सगळी तयारी सप्टेंबरपासून करायची असते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय.

आधी हे समजून घ्या की कंद आपल्या हातात येतो तेव्हा फूल त्याच्या आत तयारच असतं. एखादा कंद उभा कापून बघा, मधोमध इवलीशी पिवळट कळी दिसते. ती बाहेर यायला थंडी लागते, साधारण १२ ते १४ आठवडे, ५ अंशांच्या आसपास. त्या थंडीत कंदातल्या स्टार्चची साखर होते आणि दांड्याला उंच व्हायची ताकद येते. थंडी कमी पडली तर फूल पानांच्या बेचक्यातच, मातीलगत कसंबसं उमलतं नाहीतर कळी आतच वाळते. श्रीनगरला झबरवानच्या पायथ्याशी जमिनीतच बर्फासारखा गारठा असतो त्यामुळे तिथे हा प्रश्नच नाही. आपल्याकडे जानेवारीत पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी चक्क ३०. पाषाण, एनडीए बाजूला मगरपट्ट्यापेक्षा चांगलीच जास्त थंडी पडते पण तीही पुरत नाही.

म्हणजे फ्रीज. भाजीचा खालचा ड्रॉवर, फ्रीजर अजिबात नाही. कंद कागदी पिशवीत ठेवायचे, प्लॅस्टिकमध्ये घाम येऊन बुरशी धरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजारी फळं नकोत. पिकणाऱ्या फळातून इथिलीन गॅस निघतो आणि कंदातली ती इवलीशी कळी मरते, बाहेरून कंद टणटणीत दिसतो आणि नंतर नुसती पानं येतात. नेमका तोच सीझन सासवडच्या सीताफळांचा असतो! आमच्याकडे त्या तीन महिन्यांत सीताफळं, केळी, पेरू, चिकू सगळं बाहेर टोपलीत, फ्रीजमध्ये फक्त भाज्या. पिशवीवर मोठ्या अक्षरात "खायचे नाहीत" असं लिहा, कंद दिसायला अगदी छोट्या कांद्यासारखे असतात आणि ते पोटात जाणं चांगलं नाही.

कंद घेताना हाताने दाबून बघायला मिळालं तर फारच छान. घट्ट आणि हाताला जड लागला पाहिजे, वरचं तपकिरी साल सुटलेलं असलं तरी चालतं, खालची चकती मात्र मऊ नको. साईज घेराने मोजतात, १२ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा घ्या, लहान कंदाला फूल लहान येतं किंवा येतच नाही. ऑनलाइन "प्री-चिल्ड" म्हणून विकतात तेव्हा किती आठवडे थंडीत ठेवलेत हे विचारून घ्या, उत्तर मिळालं नाही तर सरळ स्वतःच्या फ्रीजमध्ये ठेवा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून मूड आला आणि मग कंद शोधायला निघालात तर त्या वर्षी उशीर झालेला असतो.

आता गुलाबी कुठला. ॲंजेलिकच्या फोटोंवर सगळे भाळतात, डबल पाकळ्यांचा, फिकट, खरंच देखणा, पण तो उशिरा फुलणारा आहे आणि फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याचं ऊन सुरू झालं की त्याचं काही खरं नाही. मी ट्रायम्फ गटातले घेते, हंगामाच्या मध्यावर येणारे, दांडा दणकट. डायनॅस्टी माझा सगळ्यात लाडका, वर गुलाबी आणि खाली देठाकडे पांढरा होत गेलेला. बार्सिलोना गडद, जवळजवळ राणी रंगाचा. पिंक इम्प्रेशन हा डार्विन हायब्रिड, फूल भलंमोठं आणि उंच, वाऱ्याच्या बाल्कनीत त्याला काडीचा आधार द्या.

लावायचे डिसेंबरच्या मध्यावर, थंडी खरी जाणवायला लागली की. कुंडी मातीचीच घ्या. माठातलं पाणी जसं गार राहतं तशीच या कुंडीतली मातीही पाझरून गार राहते आणि मुळं सुटायला तोच गारवा लागतो, प्लॅस्टिकची काळी कुंडी दुपारी तापते. लाल माती, कोकोपीट, थोडं गांडूळखत आणि भरपूर जाड वाळू, पाणी थांबता कामा नये. कंद टोक वर करून, वर ८-१० सेंटिमीटर माती येईल असे, आणि अगदी दाटीवाटीने लावा, एकमेकांना चिकटायला थोडेसेच बाकी. कंदाची एक बाजू चपटी असते ती कुंडीच्या भिंतीकडे करायची, पहिलं रुंद पान त्या बाजूला वळतं आणि कुंडी भरलेली दिसते. पहिले दोन आठवडे पूर्ण सावली, कोंब वर आले की सकाळचं कोवळं ऊन. दुपारचं ऊन नको म्हणजे नको, फिकट गुलाबी तर एका दिवसात विटतो.

साधारण पाच-सहा आठवड्यांत कळ्या दिसतात, म्हणजे जानेवारी संपता संपता. कळी आधी पूर्ण हिरवी असते. मग एका सकाळी पाकळीच्या कडेला गुलाबी रेघ दिसते, ती आत सरकत जाते आणि पाकळीच्या मधल्या शिरेवर हिरवा पट्टा एखाद-दोन दिवस तसाच राहतो, मला फुललेल्या फुलापेक्षा ही अवस्था जास्त आवडते. नंतर रोज सकाळी फूल मिटलेलं, ऊब वाढली की उघडतं, संध्याकाळी गार झालं की परत मिटतं. उघडल्यावर आत वाकून बघा, सहा पुंकेसर आणि मधे तीन भागांचं फिकट टोक.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढं सगळं करून आठच दिवस?" हो, पुण्यात आठच दिवस, फार तर दहा. रात्री कुंडी बाहेर गारव्यात आणि दुपारी घरात थंड फरशीवर ठेवली तर एक-दोन दिवस वाढतात. त्या आठ दिवसांत सगळ्यात जास्त वेळ सासूबाईच कुंडीशी बसलेल्या असतात!

तोच कंद पुढच्या वर्षी फुलेल अशी आशा ठेवू नका. ट्यूलिपचा जुना कंद दरवर्षी संपतो आणि त्याच्या जागी नवे कंद धरतात, ते मोठे व्हायला फुलानंतर बरेच आठवडे गार हवा आणि हिरवी पानं लागतात, आपल्याकडे मार्चमध्येच पानं पिवळी पडतात. दिल्लीतही रस्त्यांवर लावायला कंद नेदरलँड्सहून आणतात. माझे कंपोस्टमध्ये जातात आणि कुंडीत रेन लिली लागते, तीही गुलाबीच, पहिल्या पावसाला फुलते.

एक जात मात्र मला पुण्यात करून बघायची आहे, ट्यूलिपा क्लुसियाना. इराणपासून पश्चिम हिमालयापर्यंतची रानटी जात, बाहेरून गुलाबी, आतून पांढरी, बारीक पाकळ्यांची, आणि तिला थंडी इतरांपेक्षा कमी लागते, त्यामुळे उबदार भागातही ती वर्षानुवर्षं परत येते म्हणतात. आपल्या भागात कोणी लावली असेल तर प्लीज सांगा, कंद कुठून आणले आणि दुसऱ्या वर्षी फूल आलं का एवढंच हवंय, यंदाची ऑर्डर ऑगस्टच्या आत द्यायची आहे.