पाणी, मोया, वेल्लम
मीना (मक्केजवळचं हाजींच्या तंबूंचं ठिकाण), 11 जिलहज (हजचा महिना). सोमवार, 17 जून 2024

रात्रीचे साडेअकरा. पाय दोनदा धुतले तरी तळव्यांची आग होतेच आहे. मक्केत आज पारा 51.8 अंशांवर गेला.

जेद्दाला नोकरी करून ईदची सुट्टी हाजींच्या सेवेत घालवायची, हे माझं चौथं वर्ष. तुकडीत बहुतेक मलबारी पोरं. त्यांच्याकडून पाण्याला वेल्लम म्हणायला शिकलो. तमिळ हाजी तण्णी मागतात, तुर्की सू म्हणतात, इंडोनेशियाच्या बायका आइर. अरबी मोया तर रोजच्या तोंडातलं. आज दिवसभर एवढंच बोललो असेन, आणि एवढ्यावर भागलंही.

असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजानंतर मात्र भागलं नाही. शैतानाला खडे मारायला जाताना एका वाटेने नेतात, परतताना माणूस दुसऱ्याच वाटेने बाहेर पडतो. पुढ्यात लाखभर पांढरे तंबू, सगळे एकसारखे. तिथे कडेला एक म्हातारी बसली होती. पिशवीवर तिरंगा होता, ओळखपत्र तंबूतच राहिलेलं. आमच्या पोरांनी उर्दूत विचारलं, हिंदीत विचारलं, मल्याळममध्येही. ती नुसती बघत राहिली. मला आधी वाटलं, ऊन लागलं. मानेवर ओला रुमाल ठेवला, घोट घोट पाणी पाजलं. मग सहज आमच्या कोकणी बोलीत तोंडून निघून गेलं, "खाला, गाव कुठलं?"

तिने माझा हात धरला. "श्रीवर्धनकडचं," म्हणाली, आणि लगेच, "तू कोनाचा रं?"

एवढ्या उन्हात, एवढ्या गर्दीत चुकलेली बाई, आणि पहिला प्रश्न माझ्या घराण्याचा! बापाचं नाव सांगितलं, मोहल्ला सांगितला. मग ती रडली. उर्दू तिला कळत नव्हती असं नाही, दर्स, म्हणजे धर्माची शिकवण, तर ती उर्दूतच ऐकते. पण घाबरल्यावर उर्दू जिभेवर येईना, आणि हे मला फार आतून पटलं. मलाही इथल्या दवाखान्यात एकदा ताप चढला होता तेव्हा अरबीचा एक शब्द आठवला नव्हता.

बोलता बोलता तंबूशेजारच्या खांबावरचा आकडा तिला आठवला. नकाशात शोधून व्हीलचेअरवरून नेलं. मुलगा दारातच उभा होता, ओठ कोरडे पडलेले. तोही दोन तास तिलाच शोधत फिरत होता.

उद्या 12 जिलहज. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या आत मीना सोडायची म्हणून निम्मं जग एकदम निघेल. नायजेरियाच्या हाजींसाठी हौसा भाषेतला पाण्याचा शब्द कुणाकडून तरी विचारून घ्यायचाय.

गावाला आज ईद. आईचे तीन मिस्ड कॉल आहेत.