आबांची विहीर, खुरदाद १३५३ आणि खंडपीठाचा रस्ता

१८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्या संध्याकाळी सांगलीच्या एका वकील मैत्रिणीचा फोन आला. आनंदानं तिचा आवाज भरून आला होता. म्हणाली, "तुम्हा मराठवाड्याला हे चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच मिळालं. तुम्हाला काय वाटलं असेल गं तेव्हा?" मी त्या वेळी शाळेतसुद्धा जात नव्हते. पण आमच्या घरात काय वाटलं होतं, ते मला नक्की माहीत आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते इतक्यांदा सांगितलंय की मी स्वतःच पाहिल्यासारखं वाटतं.

मी अंबाजोगाईला वकिली करते. जुनी माणसं अजून गावाला मोमिनाबाद म्हणतात आणि कनिष्ठ स्तर न्यायालयाला मुन्सफ कोर्ट. दोन्ही नावं निजामी आहेत. मराठवाड्याच्या कोर्टाचा इतिहास असा लोकांच्या तोंडी आहे, तो मुद्दाम शोधावा लागत नाही. १९५६ पर्यंत इथली दाद खालून वर मुन्सफाकडून जिल्ह्याला आणि तिथून हैदराबादला, मुसी नदीकाठच्या हायकोर्टात जायची. निजामी काळात कामकाज उर्दूत चाले. निजामाच्या राज्यात न्यायखातं महसुलापासून १९२१ मध्येच वेगळं काढलं होतं, ब्रिटिश मुलखात ते पूर्णपणे व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. ही गोष्ट चांगलीच होती आणि ती मोकळेपणानं सांगायला हवी. पण त्याच राज्यात स्वामी रामानंद तीर्थांसारख्यांना पुन्हा पुन्हा तुरुंगात जावं लागलं, हेही तितकंच खरं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. मुन्सफाचा दिवाणी न्यायाधीश झाला. हैदराबादचं हायकोर्ट सुटलं आणि मुंबईचं लागलं.

आमच्या विहिरीचा दावा १९६३ चा.

विहीर आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, आणि त्यांच्या चुलत्यांची, आठ आठ आणे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. आमची सोमवार आणि गुरुवार, मोट चालायची तेव्हापासूनची. एके वर्षी उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तशी पलीकडच्यांनी आमची पाळी बंद केली. म्हणाले, वाटणीचा कागदच खोटा आहे. कागद होता उर्दूतला तकसीमनामा, निजामी मुद्रांकावर, तारीख खुरदाद १३५३ फसली. फसली म्हणजे निजामी राज्यातली कालगणना, खुरदाद हा तिच्यातला महिना. आबांना मराठीसुद्धा जेमतेम वाचता यायची. अण्णा मात्र निजामी शाळेत उर्दू शिकलेले, त्यांनीच तो कागद वाचून दाखवला आणि भाषांतराचा कच्चा मसुदाही केला.

प्रतिवादींच्या वकिलांनी एक साधा हिशोब मांडला. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतं. १३५३ अधिक ५९० म्हणजे १९४३. पणजोबा वारले १९४३ च्या दिवाळीत. म्हणजे कागद झाला तेव्हा ते हयात होते, मग कर्त्या पुरुषाचा अंगठा कागदावर का नाही? खोटा आहे म्हणून!

त्या दिवशी आबा कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून राहिले. त्यांना कळेना की आपल्या बापाचं मरण आपल्याच विरुद्ध कसं गेलं. अण्णांना म्हणाले, "मी खरं बोलायलोय की रे. कागद बाबा गेल्यावरच केलाय." पण आपण खरं बोलतोय एवढ्यावर कोर्टात भागत नाही, ते दाखवून द्यावं लागतं.

न्यायाधीश साहेब पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले, फसलीशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. पण ऑफिसात निजामी नोकरीतून आलेले एक वयस्कर कारकून होते. अण्णांनी त्यांना विचारलं तर ते म्हणाले, बाळा, हैदराबादचं फसली साल सहा ऑक्टोबरला लागतं. पहिला महिना आजूर, मग दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त आणि सातवा खुरदाद. ऑक्टोबरपासून सातवा महिना मोजून बघ. म्हणजे एप्रिल. १३५३ लागलं ते ऑक्टोबर १९४३ मध्ये, त्याचा खुरदाद येतो १९४४ च्या एप्रिलात. जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९० नाही, ५९१ मिळवायचे.

आमच्या वकिलांनी जुन्या सरकारी दाखल्यांवर दोन्ही तारखा असतात ते दाखले काढून हजर केले. निशाणी पडली, म्हणजे ते पुराव्यात आले. उलटतपासात प्रतिवादीनंही कबूल केलं की पणजोबांच्या वर्षश्राद्धाआधी वाटणी झाली. १९६९ ला हुकूमनामा आमच्या बाजूनं झाला.

मी ज्युनिअरांना ही गोष्ट आवर्जून सांगते, कारण खालचं कोर्ट म्हणजे काय ते यातून जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही. तालुक्याला बहुतेक एकच न्यायाधीश दिवाणीचाही असतो आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही. म्हणजे तोच बांधाचा वाद ऐकतो आणि मारामारीचा खटलाही चालवतो, शिक्षा देण्याची मर्यादा तीन वर्षांपर्यंत. त्याच्या वर वरिष्ठ स्तर, मुख्य न्यायदंडाधिकारी, मग जिल्हा व सत्र न्यायाधीश. खुनाचा खटला सत्र न्यायालयातच चालतो आणि तिथं फाशी झाली तरी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. आमच्या अंबाजोगाईला जिल्ह्याचं ठाणं नसूनही अतिरिक्त सत्र न्यायालय आहे, आसपासच्या तालुक्यांना त्यानं फार मोठा आधार मिळतो. पण हा सगळा जिना ज्या पायरीवर उभा आहे ती सगळ्यात खालची. साक्षीदार तिथंच येतो, कागद तिथंच दाखल होतो. खुरदाद म्हणजे एप्रिल की आणखी काही, हे तिथंच ठरतं. दुसऱ्या अपिलात हायकोर्ट कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न बघतं, पणजोबा कधी वारले हे पुन्हा उकरत नाही. म्हणून खालच्या कोर्टात गावाचं कॅलेंडर कळणारं एक तरी माणूस असावं लागतं, मग तो न्यायाधीश असो, वकील असो की कारकून.

बीडला पहिलं अपीलही आम्ही जिंकलो, १९७४ ला. आणि मग पलीकडच्यांनी मुंबईला दुसरं अपील केलं.

आबांना जिंकल्याचा आनंद चार दिवस पुरला नाही. परभणीपर्यंत एसटी, तिथून मनमाडपर्यंत मीटरगेज गाडी, मनमाडला मोठी गाडी. वकील परका, त्याचं इंग्रजी अण्णांना निम्मं कळायचं, आबांना काहीच नाही. उतरायचं कुठं, जेवायचं काय, हा प्रश्न दर खेपेला. एका खेपेला आबांनी दावणीची गाय विकली. ती गाय आईच्या माहेराहून आलेली होती आणि आईनं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलीही नाही. आबा म्हणायचे, "न्याव मिळंल, पर तवर वावर राहील का?"

असे किती आबा मराठवाड्यात असतील! खंडपीठाची मागणी अशा माणसांच्या खिशातून उठली होती. वकिलांनी ती लावून धरली. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशानं २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला हायकोर्टाचे न्यायमूर्ती बसू लागले. आधार होता १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाचा, त्यानं मुख्य न्यायमूर्तींना हायकोर्टाचे न्यायमूर्ती दुसऱ्या ठिकाणीही बसवता येतात. लगेच त्याला आव्हान मिळालं. १९६० मध्ये महाराष्ट्र वेगळा झाला, मग १९५६ च्या कायद्यातला हा अधिकार उरतोच कुठं, असा मुद्दा होता. मुंबई हायकोर्टानं आदेश रद्द ठरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ मध्ये निकाल लागला की अधिकार शाबूत आहे. ज्या निकालानं हे झालं त्यातलं प्रतिवादीचं नाव, नारायण शामराव पुराणिक, आम्हा वकिलांना पाठ आहे. पुढे २७ ऑगस्ट १९८४ पासून खंडपीठ कायमचं झालं. आज मराठवाड्याबरोबर अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असे मिळून बारा जिल्हे त्याच्याखाली आहेत. आणि कोल्हापूरचा आदेश निघाला तोही त्याच ५१(३) खाली. मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे तुमची लढाई आमच्या कामी आली."

आमचं अपील औरंगाबादला आलं तेव्हा आबा पंच्याहत्तरीला टेकले होते. रात्रीच्या एसटीनं निघालं की पहाटे औरंगाबाद. भाकरी घरूनच बांधून घ्यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. वकील आमच्याच बोलीत बोलणारा. आबांनी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं वकिलाला विचारलं, "सायेब, आज काय झालं?" आणि उत्तर त्यांना कळलं. अण्णा हे सांगताना दर वेळी इथंच थांबतात.

१९८६ ला अपील फेटाळलं गेलं. आबांनी निकालाची नक्कल आणि तो तकसीमनामा एकाच पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवला.

पिशवी आता माझ्या ऑफिसात आहे. मागच्या महिन्यात केजचे एक शेतकरी असाच उर्दू कागद घेऊन आले, तारीख बहमन १३५५. मी त्यांना खुर्ची दिली, अण्णांना फोन लावला आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली, आजूर, दै, बहमन.