मेरी पिकफर्डचे 3 सेकंद

जुन्या मूकपटांच्या स्कॅनवरची धूळ आणि ओरखडे फ्रेम-फ्रेम करून काढायचं काम आम्ही मुंबईत करतो. त्या दिवशी तपासणीला 1921 चा 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' होता. हॉलिवूडची त्या काळातली अभिनेत्री मेरी पिकफर्ड यात मुलगाही आहे आणि त्याची आईही. एका शॉटमध्ये मुलगा आईच्या गालाचा मुका घेतो. सेकंदाला 20 फ्रेम धरल्या, तर 3 सेकंदांच्या जेमतेम 60. तेवढ्यासाठी कॅमेरामन चार्ल्स रोशर यांना 15 तास लागले होते.

धूळ काढून चित्र स्थिर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या प्रतीत आई स्थिर आणि मुलगा थरथरत होता. हा डबल रोल कॅमेऱ्यातच केलेला आहे. फ्रेमचा एक भाग झाकून शॉट घ्यायचा, लेन्स बंद करून फिल्म त्याच फ्रेमपर्यंत मागे न्यायची, मग दुसरा भाग झाकून पुन्हा चालवायची. मधल्या वेळात पिकफर्ड वेष बदलणार. कॅमेरा हलू नये म्हणून त्यावर वजनं लादली होती. तरी गेटमधून (लेन्समागच्या चौकटीतून) दोनदा गेलेली फिल्म दोन्ही वेळा हुबेहूब त्याच जागी बसत नाही, त्यामुळे दोन्ही भागांचा हेलकावा वेगळा असतो. सॉफ्टवेअरला ठळक बिंदू आईच्या बाजूला जास्त मिळाले. त्याने ती बाजू धरली आणि सगळी थरथर मुलाच्या वाट्याला आली.

त्याहून वाईट झालं होतं ते केसांचं. निगेटिव्हवरची धूळ प्रिंटमध्ये पांढरी उमटते. रोशर यांनी मागून टाकलेल्या प्रकाशात पिकफर्डच्या कुरळ्या बटांच्या कडाही पांढऱ्याच दिसतात. शेजारच्या फ्रेममध्ये जागेवर न सापडणारा ठिपका म्हणजे कचरा, एवढंच सॉफ्टवेअरच्या धूळ काढणाऱ्या फिल्टरला कळतं. हललेली प्रत्येक बट त्याने पुसली होती. 200 टक्के मोठं करून पाहिलं, तर डोक्याभोवतीची कड दर फ्रेमला तुटत होती.

या शॉटपुरतं ऑटोमॅटिक सगळं बंद करायला लावलं. आधी परफोरेशनच्या, म्हणजे फिल्मच्या कडेच्या भोकांच्या आधाराने फ्रेम स्थिर केली, मग दोन्ही भागांच्या सीमा (मास्क) हाताने आखून ते वेगवेगळे बसवले. धूळ एकेक ठिपका बघून काढली: बट मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये थोडी सरकून सापडतेच, धूळ सापडत नाही.

दोन एक्स्पोजर जिथे भिडतात तिथे पुसट रेघ आहे. एकमेकांवर चढले तिथे उजळ, फट राहिली तिथे गडद. तीही काढा, असा आग्रह झाला. मी नाही म्हटलं. ते नुकसान नव्हे, ती रोशर आणि पिकफर्ड यांची कारागिरी आहे. 1909 मध्ये बायोग्राफ या चित्रपट कंपनीत पिकफर्डबाईंचं नावही पडद्यावर येत नव्हतं. 1919 मध्ये त्या चार्ली चॅप्लिन, अभिनेते डग्लस फेअरबँक्स आणि दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्यासोबत युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट कंपनीच्या संस्थापक झाल्या. हा चित्रपट त्यांची स्वतःची निर्मिती, म्हणून एका मुक्यासाठी 15 तास देणं त्यांच्या हातात होतं. अहवालात त्या शॉटसमोर 'रेघ मूळची, हात लावू नये' असा शेरा टाकला आणि रील पुढे ग्रेडिंगला, म्हणजे उजेड-छटा जुळवायला पाठवलं.