तुम्ही विचारलंत म्हणून: मी सायकियाट्रीच का घेतलं

"डॉक्टर, एवढं शिकलात, मग हेच का घेतलंत?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. पेशंटचे नातेवाईक विचारतात, तेही पेशंट बाहेर जाऊन बसल्यावर, आवाज खाली आणून. लग्नाकार्यात मावश्या विचारतात. आणि हल्ली इंटर्नशिप करणारी मुलं विचारतात, त्यांचा सूर वेगळा असतो, त्यांना स्वतःला घ्यायचं असतं आणि घरी काय सांगायचं ते माझ्याकडून हवं असतं. मागच्या महिन्यात कोपरखैरण्याहून एक मुलगी वडिलांना घेऊनच आली. रँक चांगला, एमडीला काहीही मिळेल असा, आणि हिला सायकियाट्री हवी. वडील म्हणाले, "मॅडम, हाडांचं घे म्हणतोय, स्किन घे म्हणतोय, ऐकतच नाही."

या प्रश्नाच्या पोटात दोन संशय असतात. एक, हिला दुसरं काही मिळालं नसणार. दोन, हिच्या घरात कोणीतरी "तसं" असणार. खरं सांगू का, दोन्हीत थोडं थोडं तथ्य आहे. मला रेडिओलॉजी मिळण्यातली नव्हती, मेडिसिन मिळालं असतं की नाही देव जाणे. आणि घरात आत्या होती. तिला "डोकेदुखी" होती असं आम्हाला सांगितलं होतं, तिच्या गोळ्यांची पाकिटं फडताळात साखरेच्या डब्यामागे असायची आणि पाहुणे आले की आत्या मागच्या खोलीत. मी थर्ड इयरला असताना एकदा ते पाकीट उलटून नाव वाचलं तेव्हा कळलं की डोकेदुखीचा आणि त्या गोळीचा काही संबंध नाही. घरात कोणालाच काही बोलले नाही, परत डब्यामागे ठेवून दिलं.

शिवाय मी ठाण्याची. मुंबईच्या कॉलेजात पहिल्या दिवशी "कुठून?" विचारलं आणि "ठाणे" म्हटलं की समोरचा हसणारच, "कुठला वॉर्ड?" १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, राज्यात अशी सरकारी चारच होती, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, त्यामुळे आख्ख्या मुंबईत "याला ठाण्याला पाठवा" म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बसमध्ये कंडक्टरने त्या स्टॉपचं नाव पुकारलं की मागून कोणीतरी "चला, उतरा" म्हणायचंच. आता ठाणे-मुलुंडच्या मध्ये नवीन स्टेशन होतंय तेही त्याच हॉस्पिटलच्या जागेवर, म्हणजे विनोदांची पुढच्या पिढीची सोय झाली. पण याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, त्यामुळे मनाबद्दल चारचौघांत बोलणारी माणसंही आम्ही शाळेत असल्यापासून बघत होतो. दोन्ही एकाच गावात. एवढ्याने कोणी सायकियाट्रिस्ट होत नाही हेही खरं, नाहीतर ठाण्यातलं निम्मं नौपाडा झालं असतं.

झालं ते मेडिसिन वॉर्डात, इंटर्न असताना. आमच्या वेळी साडेचार वर्षांत सायकियाट्रीचं पोस्टिंग जेमतेम दोन आठवडे, वेगळा पेपर नाही, मेडिसिनच्या पेपरात आली तर एखादी शॉर्ट नोट, त्यामुळे ते दोन आठवडे आम्ही बाकीचे विषय वाचण्यात घालवलेले. तर वॉर्डात एक मुलगा आला, पंचविशीतला, वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये कामाला. सहा दिवस बोलत नव्हता, खात नव्हता, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. घरच्यांनी आधी गंडादोरा करून झालेला. मग सीटी झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं, सगळं नॉर्मल. मी रक्त घ्यायला गेले, त्याचा हात वर केला, सुई लावली, आणि बाटलीवर नाव लिहून वळून बघते तर हात तसाच हवेत. मी खाली ठेवला तेव्हा खाली गेला. आणि उशी चादर बदलायला काढलेली होती, तर डोकं गादीला टेकलेलंच नाही, चार बोटं वर, जणू उशी आहेच. असं कितीतरी वेळ. मला अक्षरशः काटा आला.

सायकियाट्रीची रेसिडेंट, म्हणजे एमडी करणारी डॉक्टर, आली, माझ्याहून तीनचार वर्षांनी मोठी असेल. दोन मिनिटं त्याच्याशी बोलली, तो गप्पच, हात फिरवून बघितले, आणि म्हणाली लोराझेपाम भर, दोन मिलिग्रॅम, शिरेतून, सावकाश दे. मला वाटलं हा झोपणार, कारण ते झोपेचंच औषध. मग ती निवांत स्टूल ओढून बसली. अर्ध्या तासाच्या आत डोकं हळूहळू गादीला टेकलं. त्याने आमच्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "पगार झाला का?"

आई आधी रडली, मग म्हणाली झाला नाही. आजाराचं नाव कॅटाटोनिया, मुळात खोल डिप्रेशन होतं, पुढे महिनाभर उपचार लागले, एका इंजेक्शनने सगळं मिटत नाही. पण मी ते अर्ध्या तासात बघितलं होतं. सीटी मशीनला जे दिसलं नाही ते त्या बाईने हात वर करून ओळखलं. त्या दिवसापासून बाकीचं सगळं मला जरा बेचव वाटायला लागलं.

कोपरखैरण्याच्या वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे यात औषधं असतात? मला वाटलं नुसत्या गप्पा." त्यांना म्हटलं, अहो काका, मूडच्या आजारावरचं लिथियम १९४९ सालचं आहे, आणि त्याच्याही आधी, १९३१ साली, आपल्याकडच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी सर्पगंधा ही वनस्पती मनोविकारावर चालते असं लिहून ठेवलंय. गप्पाही असतात, पण त्या शिकायला एमडीची तीन वर्षं लागतात. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, "प्रॅक्टिस चालते का?" चालते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात शंभरातल्या दहा मोठ्या माणसांना त्या वेळी काही ना काही मानसिक त्रास निघाला, आणि आपल्याकडे लाख माणसांमागे सायकियाट्रिस्ट ०.७५, म्हणजे पाऊण. पाऊण डॉक्टर! शिवाय सोनोग्राफीचं मशीन नको, ऑपरेशन थिएटर नको, त्याचं कर्ज नको. दोन खुर्च्या आणि नीट लागणारं दार. रात्रीचे फोन येतात, पण बाळंतपणाच्या डॉक्टरांइतके नाही. मुलं हे कारण सांगायला लाजतात, मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. आणि दुसरं, कोविडच्या काळात हॉस्टेलवर राहिलेली ही पोरं, रूम पार्टनरची अवस्था स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली. आमच्या पिढीला हे साखरेच्या डब्यामागे शोधावं लागलं.

जागा मात्र सुखासुखी मिळत नाही. माझ्या पहिल्या क्लिनिकसाठी एका सोसायटीत गाळा बघितला, सगळं ठरलं, आणि कमिटीने सांगितलं, "मॅडम, इथे लहान मुलं खेळतात." खाली दारूचं दुकान होतं, त्याला चालत होतं.

आणि एक पेशंट मी गमावला, शिकत असताना. त्याच्याबद्दल इथे लिहिणार नाही, पण त्या मुलीला सांगितलं. वडील बाहेर पाणी प्यायला गेले होते तेव्हा. तिने विचारलं, "मग तुम्ही दुसऱ्या दिवशी ओपीडीला गेलात?" गेले. सर बाजूच्या खुर्चीत येऊन बसले दिवसभर, एक शब्द बोलले नाहीत.

गावदेवी मार्केटात पेशंट भेटले तर मी आपणहून ओळख दाखवत नाही, हा नियम. त्यांनी हसून बघितलं तर मी हसते, नाही तर मेथीची जुडी बघत राहते. गेल्या वर्षी मात्र एक मुलगी लग्नाची पत्रिका घेऊन आली. सहा वर्षं लिथियमवर, तब्येत छान. नवऱ्याला सगळं माहिती, सासरच्यांना नाही. "या हं नक्की. कोणी विचारलं तर माझ्या क्लासच्या मॅडम म्हणून सांगा."

गेले. डोंबिवलीला हॉल होता. पंगतीत शेजारी मुलाकडचे काका. काय शिकवता म्हणाले, मी बायोलॉजी म्हटलं. मग काय, त्यांचा नातू बारावीला, नीटची तयारी चाललेली. "पोरगं डॉक्टर झालं तर पुढे कुठली लाईन बरी हो? ते वेड्यांचं सोडून सांगा."

स्टेजवरून ती आमच्याकडेच बघत होती.

"हाडांचं घ्यायला सांगा," मी म्हटलं, आणि मठ्ठेवाल्याला हाक मारली.